बचतीचा फेस

अमेरिकेतील काटकसरी गृहस्थांचे जाहीर अभिनंदन! १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन बियर करमुक्त बनवण्याची मुभा दिली. दुकानातली बियर महाग, म्हणून या गृहस्थांनी पंप, तापमान-नियंत्रक आणि २४० व्होल्टचा स्टीलचा हंडा घेतला. मोड आणून वाळवलेले जव भरडून ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, उतरलेला रस हॉप्ससह तासभर उकळायचा. मग दोन आठवडे यीस्टची नोकरी आणि मालकाचा पहारा. या हिशेबाने नातवाच्या लग्नापर्यंत बचत सुरू व्हावी. पुढील वर्षी परसात जव पेरून, विहीर खणून खर्च आणखी कमी करण्याचा संकल्प आहे. कामात तहान फार लागते; त्यासाठी दुकानातून बियरचे दोन खोके आणून ठेवले आहेत.