व्हाया काका

वसई-विरारमधल्या कुठल्याही सोसायटीत एक लिफ्ट बंद असते आणि एक व्हाया काका चालू असतात.

"उद्या जरा ठाण्याला जायचंय," एवढं कुणी जिन्यात म्हणायचा अवकाश, काकांच्या दाराची कडी वाजते. ठाण्याला काय काम, कुणी आजारी आहे का, मुलगी बघायला चाललात का, असल्या चिल्लर चौकशीत त्यांना रस नसतो. चष्मा कपाळावर सरकवून ते एकच शब्द टाकतात. "व्हाया?"

मग समोरच्याला कळतं, की ठाण्याला जाणं वाटलं तेवढं सोपं नाही. दादरला उतरून मध्य रेल्वे धरायची, तर एवढं ओझं घेऊन दादरचा पूल चढणार का? हायवेने घोडबंदरमार्गे जायचं, तर गायमुखच्या चढावर एखादा ट्रेलर बंद पडला की संपला दिवस. चिंचोटीवरून कामण, अंजूरफाटा, भिवंडी असं जायचं, तर कंबर स्वतःची आहे की उसनी आणली आहे? राहिली वसईहून दिव्याला जाणारी गाडी. गाडी चांगली, पण एक चुकली की पुढचीची वाट बघता बघता आपण कशासाठी निघालो होतो तेच माणूस विसरतो. काकांचा सल्ला घेऊन ठाण्याला पोचलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. बेत रद्द करून दुपारी घरी झोपलेले मात्र पुष्कळ आहेत आणि ते काकांना दुवा देतात.

काका साठी ओलांडलेले असतात. कागदोपत्री नोकरी बँकेत, गोदीत किंवा मंत्रालयात झालेली असते. खरी नोकरी विरार लोकलमध्ये झालेली असते. पस्तीस वर्षं, त्याच डब्यात, त्याच गटात. 'व्हाया'चे संस्कार तिथेच होतात. नालासोपाऱ्याच्या माणसाला दक्षिणेला चर्चगेटकडे जायचं असेल, तर तो आधी उत्तरेला विरारला जातो आणि तिथून बसून परत येतो. याला 'रिटर्न मारणं' म्हणतात. ज्याने आयुष्यभर पुढे जाण्यासाठी आधी मागे जाण्याचा सराव केला, त्याला निवृत्तीनंतर सरळ रस्ता दाखवला तर तो संशयानेच बघणार.

मोबाइलमधल्या नकाशावर त्यांचा विश्वास नाही. त्यातून जी रस्ता सांगते तिला ते 'ती बाई' म्हणतात. "ती बाई वर्सोव्याला जा म्हणाली म्हणून एकजण अंधेरीला गेला," हा त्यांचा आवडता किस्सा. खरा असो वा नसो, पायात घोळ आहेच. हायवेवरचा वर्सोवा पूल अंधेरीच्या वर्सोव्यात नाही, तो घोडबंदरजवळ वसईच्या खाडीवर आहे. जुन्या पुलाच्या दुरुस्तीच्या काळात तिथे ज्या रांगा लागत, त्यांत काकांनी लग्नं, मुंजी आणि एक बारसं घालवलं आहे. २०२३ साली शेजारी नवा पूल सुरू झाला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. काकांच्या पोटातला मात्र एक विषय गेला.

खरं तर दोष काकांचा नाही, भूगोलाचा आहे. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. मधल्या चौकोनात लाखो माणसं भरलेली आणि बाहेर पडायच्या वाटा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. समोरचं भाईंदर वसईच्या जेट्टीवरून डोळ्यांना दिसतं. रस्त्याने जायचं तर तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा झाला, तेव्हापासून सरकारी कामाला तिकडे जावं लागतं. विरारहून रेल्वेने एकतीस किलोमीटर. गाडीने हायवे धरून मनोरवरून गेलं तर जवळपास दुप्पट. अशा मुलखात व्हाया काका निपजले नसते तरच नवल.

काकांचा जीव मात्र पुलांत आहे, आणि पूल म्हणजे रेल्वेचे. बाकीचे प्रवासी नायगाव, भाईंदर अशी स्टेशनं मोजतात. काका क्रमांक मोजतात. त्र्याहत्तर आणि पंचाहत्तर हे वसईच्या खाडीवरचे, ब्याण्णव आणि त्र्याण्णव हे वैतरणेवरचे. डोळे मिटून ते आवाजावरून पूल ओळखतात. "आता पंचाहत्तर लागला... हे पाणजू बेट... आता त्र्याहत्तर." जुन्या लोखंडी पुलावर गाडी कशी खडाखडा बोलायची आणि काँक्रीटच्या पुलावर ती नुसती घुमते, हे ते दोन्ही आवाज तोंडाने काढून दाखवतात. शेजारच्या सीटवरचा माणूस दचकून उठला, की काका त्याच्या जागी सरकतात.

वैतरणेचा विषय निघाला की त्यांचा विनोद ठरलेला. "पुराणातली वैतरणी ओलांडायला गोदान करावं लागतं, आपल्याला पास पुरतो." एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल गेली, तेव्हापासून हा विनोद त्यांनी किती वेळा केला याची नोंद फक्त काकूंकडे आहे.

इतिहासाचा वार रविवार. सोसायटीच्या बाकावर ते १८६४ पासून सुरू करतात. त्या साली नोव्हेंबरमध्ये 'बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया' कंपनीची सुरतेकडून आलेली लाइन ग्रँट रोडपर्यंत पोचली. वाटेत नद्या आणि खाड्या इतक्या, की कंपनीचे इंजिनिअर कर्नल केनेडी यांनी एक शहाणपणा केला: प्रत्येक पुलाला वेगळा आराखडा न काढता साठ फुटी गाळ्याचा एकच गर्डर ठरवला आणि तो सगळीकडे लावला. खांब म्हणजे स्क्रूसारखे तळात पिळून रोवलेले लोखंडी नळे. खाडी रुंद असली तर गाळे वाढवायचे, अरुंद असली तर कमी करायचे. वसईच्या खाडीवर भाईंदरच्या बाजूला एकोणसत्तर गाळे आणि नायगावच्या बाजूला पंचवीस, असा हिशेब १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात आहे. "म्हणजे चौऱ्याण्णव!" असं म्हणून काका थांबतात. ऐकणाऱ्याने इथे 'बापरे' म्हणायचं असतं. न म्हटल्यास गाळे पुन्हा मोजले जातात.

मग येते १२ एप्रिल १८६७ ची पहिली विरार लोकल. दिवसातून एकच गाडी, सकाळी विरारहून निघून मुंबईत बॅकबेला जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी. विजेवरची गाडी विरारला यायला १९३६ उजाडलं. "म्हणजे बघ," काका समोरच्या कॉलेजकुमाराला सांगतात, "एकच गाडी होती तेव्हा लेट झाली तर कळायची. आता कुठली लेट आहे तेच कळत नाही." कॉलेजकुमार कानातली वायर काढून 'हो काका' म्हणतो आणि परत घालतो.

त्या पहिल्या गाडीच्या थांब्यांमध्ये पाणजूचं नाव होतं. इथे काकांचा आवाज उतरतो. पाणजू हे दोन पुलांच्या मध्ये अडकलेलं बेट. आज तिथे लोकल थांबत नाही; बेटावरच्या माणसाला नायगाव गाठायला होडी, नाहीतर रेल्वेच्या पुलावरून पायपीट. वर धडधडत्या गाडीतून कुणी भक्तिभावाने निर्माल्याची पिशवी किंवा नारळ खाडीत भिरकावतो आणि तो पुलाच्या कडेने चालणाऱ्याला लागतो. काका डब्यात कुणाला पिशवी उचलताना बघतात, तेव्हा व्हाया-बिया विसरून चक्क हात धरतात. वैतरणेवरच्या दोन पुलांच्या मधल्या वाढीवच्या लोकांचीही तीच गत, त्यांचाही रस्ता म्हणजे रेल्वेचे रूळ. त्यात नदीतून वाळू उपसून पुलाच्या खांबांखालची जमीनच काढून नेणारे वेगळे. या दोन गावांवर काकांनी आजवर एकही विनोद केलेला नाही.

पूल संपले की घाट. थंडी पडली की सोसायटीतली तरुण मंडळी सहलीचं ठरवतात आणि चूक करतात ती काकांच्या खिडकीखाली ठरवण्याची. नाशिकला जायचं म्हटलं, की काका कसारा बाद करतात. "कसाऱ्याने सगळं जग जातं. तुम्ही जव्हार, मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबक असे जा. वळणं काय आहेत!" वळणं आहेत हे खरं. मागच्या सीटवर बसलेल्यांना ती पोटातून मोजता येतात. जव्हारजवळ शिरपामाळ आहे. सुरतेच्या स्वारीला निघालेल्या शिवाजी महाराजांचा तळ तिथे पडला होता. काकांच्या लेखी हा वादाचा शेवटचा निकाल. "महाराज सुरतेला व्हाया जव्हार गेले. आणि तुम्हाला हायवे हवा?"

पुण्याचं नाव काढलं तर बोरघाट. खंडाळ्याच्या चढावर गाडीला वळायला जागा नव्हती, म्हणून इंग्रजांनी एक स्टेशन असं केलं होतं, की तिथे गाडी थांबायची, इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने वर चढायची. १९२९ पर्यंत हा प्रकार चालला. म्हणजे रिटर्न मारण्याची कल्पना मुळात नालासोपाऱ्याची नाही, हे काका खिन्नपणे कबूल करतात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा बघून १८३० सालचा अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला, तेव्हा काकांनी दोन दिवस दाढी केली नव्हती. तसं तेव्हा कुणीच करत नव्हतं, पण काकांचं कारण वेगळं होतं.

त्याच घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. आख्यायिका अशी, की या धनगराने साहेबाला घाटातून जायची वाट दाखवली आणि बक्षिसाऐवजी देशाचं स्वातंत्र्य मागितलं, म्हणून त्याला गोळी घालण्यात आली. ड्रायव्हर लोक अजून तिथे नाणी टाकतात. वाट दाखवणाऱ्यांचं हे एकमेव देऊळ काकांना माहीत आहे. ते तिथे नेहमी उतरतात, हात जोडतात आणि खासगीत काहीतरी बोलतात.

काकांना गोळी घालायचा प्रसंग एकदाच आला होता. लग्न वसई गावात, वऱ्हाड विरारचं, बस मोठी. सरळ यायचं तर स्टेशनकडून माणिकपूर, बाभोळा, पारनाका. काका ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तिकडे सिग्नलला अडकशील. आगाशी घे. नंदाखाल, उमराळे, निर्मळ, गास, भुईगाव. सावलीतून जाशील."

सावली होती. वसईच्या पश्चिम पट्ट्यातला रस्ता इंजिनिअरने आखलेला नाही, तो माणसं आणि बैल जिथून चालले तिथून गेला आहे. कुणाची केळीची वाडी आली की तो वळतो, विहीर आली की वळतो, क्रूस आला की आदराने वळतो, आणि बावखल आलं की नव्वद अंशांत वळतो. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. अशाच एका बावखलाच्या वळणावर बस अडकली. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला दगडी गडगा, मागे भाजीचा टेम्पो. नवरा पुढच्या सीटवर मुंडावळ्या धरून बसलेला. शेजारच्या घरातली आजी बाहेर आली, बसकडे बघितलं, आत गेली आणि पाण्याची कळशी आणि केळ्यांची फणी घेऊन आली. बसला किती वेळ लागेल याचा अंदाज तिला नकाशातल्या बाईपेक्षा बरा होता.

बस उलटी घेत घेत अर्धा किलोमीटर मागे न्यावी लागली. मुलाचा मामा काकांकडे बघत होता, ते बघणं लिहिण्यासारखं नाही. काका खाली उतरून हाताने "येऊ दे, येऊ दे" करत होते. शेवटी बस मोकळी झाली तेव्हा घाम पुसत ते मामाला म्हणाले, "बोरघाटात पासष्ट-सहासष्ट वर्षं गाडी अशीच उलटी घेत होते." शेवटच्या मंगलाष्टकाला वऱ्हाड पोचलं. तेव्हापासून त्या घरच्या पत्रिकेवर स्थळाच्या खाली 'येण्याचा मार्ग' छापतात आणि काकांना रेल्वेने बोलावतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदरच्या जेट्टींमध्ये रो-रो बोट सुरू झाली. स्कूटर, मोटार, माणूस, सगळं खाडी ओलांडून पलीकडे. पुढच्या वर्षी विरारहून जलसारला, म्हणजे सफाळ्याच्या बाजूलाही तशीच बोट निघाली. जिथे वळसा नाही तिथे सल्ला कसला? सोसायटीत सगळ्यांना वाटलं, आता काका खचतील.

काका पहिल्याच आठवड्यात भाईंदरच्या बोटीवर चढले. कठड्याला रेलून उभे राहिले, रेल्वेच्या पुलांकडे आणि त्यांच्या मधल्या बेटाकडे बघत. भाईंदरला उतरले, चहा घेतला आणि परतीच्या बोटीने वसईला आले. घरी काकूंनी विचारलं, "अहो, भाईंदरला काय काम होतं?"

"काम काही नव्हतं," काका चप्पल काढत म्हणाले. "पण बोट पाणजूला थांबत नाही."