राख मागवली आहे

टोप करपला की घरात जाणकार वाढतात. एरवी भांडी घासायची वेळ झाली की आमच्याकडे कुणाचा फोन वाजतो, कुणाची पाठ धरते, कुणाला दुकानातून काहीतरी आणायचं आठवतं. पण बुडाशी काळा थर बसलेला टोप सिंकमध्ये दिसला की हीच माणसं कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती उभी राहतात. खात्रीचा उपाय प्रत्येकाकडे असतो. बाह्या मात्र कुणीच सरसावत नाही.

आमचं गाव गव्हाण, तालुका पनवेल. गच्चीवर उभं राहिलं की एका अंगाला उलव्याचे टॉवर. खाली आम्ही आणि वरच्या मजल्यांवर भाडेकरू, अशी गावठाणातल्या बहुतेक घरांची जी रचना असते तीच आमची. टोप जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, लग्नाकार्याला निघणारा. त्यात खीर आटत होती. आटता आटता ती बुडाला लागली, मग करपली, आणि तो वास जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला तेव्हा कुठे गॅस बंद झाला.

गॅसपाशी कोण होतं, हे अजून उजेडात आलेलं नाही. बायको म्हणते ती दळण आणायला गेली होती. मुलगी म्हणते तिला कुणी लक्ष ठेवायला सांगितलंच नव्हतं. मी तर घरात नव्हतोच, आणि याला दोन साक्षीदार आहेत.

आजीचा पहिला प्रश्न ठरलेला : "दूध वतायच्या आधी टोप पान्यानं इसळला व्हता का?" यामागे शास्त्र आहे. दूध तापलं की त्यातली प्रथिनं कोरड्या, गरम बुडाला धरतात, त्यांच्यावर साखर तांबूस होत जाते, तिच्यावर पुढचा थर बसतो. आधी पाणी फिरवलं की दूध थेट कोरड्या धातूला भिडत नाही. आजीला प्रथिनं ठाऊक नाहीत, पण तिच्या हातून दूध लागलेलं कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे तिच्यासमोर वाद घालायची सोय नाही.

पहिला मान बायकोच्या व्हिडिओला मिळाला. खायचा सोडा पसरायचा, वर व्हिनेगर ओतायचं. फेस असा उसळला की मुलीने टाळ्या वाजवल्या. आता सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं जवळपास खारं पाणी. करप जागच्या जागी. मग बायकोने नुसतं सोड्याचं पाणी उकळवलं. स्टीलला हा उपाय लागू पडतो, पण अ‍ॅल्युमिनियमला सोडा सोसत नाही. टोप आतून गळ्यापर्यंत काळवंडला. करप कुठला आणि टोप कुठला हे ओळखू येईना, हे एका अर्थी यशच.

उरणच्या आत्याने फोनवरून चिंच उकळायला सांगितली. हा उपाय बरोबर निघाला. चिंचेच्या आम्लाने कडा चांदीसारख्या लखलखल्या, आणि त्या उजेडात बुडाचा काळा गोल अधिकच उठून दिसायला लागला.

संध्याकाळी काका आले. काकांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. जगातल्या सगळ्या अडचणी दोन प्रकारच्या असतात असं ते मानतात : वेल्डिंगने सुटणाऱ्या आणि ग्राइंडरने सुटणाऱ्या. तारेचं चाक बसवलेला ग्राइंडर त्यांनी सोबतच आणला होता. प्लग लावेपर्यंत आजी येऊन टोपाच्या पुढ्यात बसली. ग्राइंडर परत गेला.

मग सगळ्यांनी मिळून आपल्या पट्ट्यातला सर्वांत जुना मार्ग धरला : भिजत ठेवणे. गेलेल्या जमिनीपोटी मिळायचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड, गरजेपोटी बांधलेली घरं, अशा कितीतरी गोष्टी आम्ही वर्षानुवर्षं भिजत पडलेल्या पाहिल्यात. त्या मानाने टोप लवकर सुटला. गरम पाणी आणि साबणात रात्रभर राहून वरचा थर फुगला आणि उलथन्याने निघाला. राहिला खालचा पातळ, हट्टी थर.

"राख आणा," आजी म्हणाली.

इथे सगळे गप्प झाले. गव्हाणमध्ये आणि राख आणायची कुठून? सिडको १९७० साली स्थापन झाली, नव्या शहरासाठी भातशेती गेली. शेतीबरोबर पेंढा गेला, भाताचा तूस गेला. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते, म्हणजे घासायला बारीक, खरखरीत पूड. लाकडाच्या राखेत पोटॅशचा अंश असतो, तो तेलकटाला भिडला की थोडाफार साबणच तयार होतो. हे दोन्ही आमच्या परसात फुकट पडलेलं असायचं. पुढे १९८९ला बंदर सुरू झालं, २०२४ला शिवडीला जोडणारा अटल सेतू आला, आता विमानतळही झाला. परसात आम्ही टाइल्स लावल्या. शिवडी जवळ आली, राख लांब गेली.

बायकोने मोबाइल काढला. भांडी घासायची राख पॅकबंद पिशवीत ऑनलाइन मिळते, वर पानाचं चित्रसुद्धा असतं. मागवली. दोन दिवसांनी पिशवी आली. आजीने चिमूटभर राख बोटांत चोळली, वास घेतला, किंमत विचारली. किंमत ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बायकोची नॉनस्टिक कढई दाखवून म्हणाली, "आनि हिला लावाल का ही राख?" नाही म्हटलं. तिला लाकडी चमचा, मऊ स्पंज. फ्रीजमधल्या वायूंवर काम करताना १९३८ला रॉय प्लंकेट यांच्या हाती अचानक लागलेला तो टेफ्लॉनचा थर, तो राखेने निघून जाईल. आजी म्हणाली, "जिला घासाला येत नाय ती कढय नाय, पावनी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या टाइल्सवर तीन विटा मांडलेल्या दिसल्या. आजीने बाभळीची लाकडं कुठून पैदा केली ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, वर सुकट भाजली गेली, आणि चूल निवल्यावर तिने राख चाळून डब्यात भरली. नारळाच्या शेंडीवर थोडी राख, चार थेंब पाणी, आणि उकिडवं बसून एकाच दिशेने गोल गोल हात. मधे थांबून बोटाने खरखर चाचपायची, पुन्हा राख. टोपाचं बूड हळूहळू राखाडी, मग पांढरं झालं.

धुराची तक्रार वरून आलीच. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ स्वतः खाली आले, मुलाला दम्याचा त्रास आहे वगैरे बोलून गेले. आजीने ऐकून घेतलं. दुपारी त्यांच्याच घरातून वाटी घेऊन मुलगी आली : आईने थोडी राख मागितली आहे, कुकर लागलाय.

आजीने वाटी काठोकाठ भरली आणि हातात देण्याआधी मागे घेतली.

"पैसं नको मना. कुकर कोनी करपवला त्याचं नाव सांग."

"बाबांनी," मुलगी म्हणाली आणि वाटी घेऊन पळाली.