ओळख न दाखवणाऱ्या बाई

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीत फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. उटण्याचे वास, इस्त्रीची घडी न मोडलेले कुडते, आयुष्यात पहिल्यांदाच नऊवारी नेसून ती सावरत निघालेल्या मुली, आणि ज्याला भेटायला आलो तो सोडून बाकी सगळं गाव भेटावं असा तो मेळा. आमच्या शेजारच्या बाईही दरवर्षी तिथे जायच्या. गणपतीचं दर्शन घ्यायच्या आणि मग कालच कुठूनशी बदली होऊन आल्यासारख्या दुकानांच्या पाट्या वाचत चालायच्या. कपाळावरचे केस मागे हटलेला एखादा गृहस्थ गर्दीत त्यांना बघून घुटमळायचा. आधी बायकोकडे बघायचा, मग बाईंकडे. बाईंचं पाटीवाचन चालूच. त्याने धीर करून ‘नमस्कार, बाई’ म्हटलंच, तर त्या अशा काही फुलायच्या, की इतका वेळ त्या याच माणसाला शोधत होत्या असं वाटावं. नाही म्हटलं, तर पुढचं दुकान. यावरून गावात दोन तट पडले होते. एकाच्या मते बाई शिष्ट होत्या, दुसऱ्याच्या मते त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा होता.

खरी गोष्ट अशी, की बाई शाळेत समुपदेशक होत्या, आणि समुपदेशकाने चारचौघांत आपण होऊन ओळख द्यायची नाही, हा त्या कामातला दंडकच आहे. ओळख दिली की शेजारची बायको साहजिकच विचारणार, ‘या कोण हो?’ आणि मग आठवीतल्या एका दुपारची, आज बँकेत मॅनेजर असलेल्या माणसाला मुळीच न शोभणारी हकिगत रस्त्यावर येणार. म्हणून अर्ध्या गावाचं रडणं पोटात घेऊन ही बाई फटाक्यांच्या धुरात ‘साडी सेंटर’ आणि ‘ड्रायफ्रूट मार्ट’ वाचत फिरायची.

बाई मुळातल्या भूगोलाच्या. 1975 साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीला बोर्डाची परीक्षा आली आणि कोणत्या शाखेला जायचं हा प्रश्न पोरांपुढे एक वर्ष आधीच येऊन उभा राहिला. मिसरूड फुटायच्या आत आयुष्याचा निकाल लावायचा म्हणजे काय, हे त्या वर्षी बाईंनी वर्गात बसून पाहिलं. पुढे मार्गदर्शनाचा अभ्यासक्रम करायला त्या लोकलने मुंबईला जाऊ लागल्या. तिथे त्यांना कार्ल रॉजर्स भेटला. म्हणजे त्याचं 1942 सालचं पुस्तक भेटलं. आलेल्या माणसाला सल्ला देत सुटू नये, त्याचं ऐकावं, त्याची वाट त्याला सापडू द्यावी, असं त्या अमेरिकन माणसाचं सांगणं. हे त्याने डोंबिवलीत सांगून पाहायला हवं होतं. आमच्याकडे फलाटावर कुणाला नुसती वेळ विचारली, तरी दादरला पूल गाठायला कुठल्या डब्यात चढावं, पोराला कोणत्या क्लासला घालावं आणि पित्तावर काय घ्यावं, हे गाडी येईस्तोवर कळतं. सल्ल्याने इतक्या सुजलाम् सुफलाम् गावात सल्ला न देणारी एक बाई पगारावर ठेवली होती, हे त्या शाळेचं औदार्यच म्हणायचं.

अर्थात त्यांना ठेवायचं कुठे, हे शाळेला शेवटपर्यंत उमगलं नाही. वेळापत्रकात त्यांची जागा अधिक महिन्यासारखी. नेमाने येणारी, पण कुठल्याच कार्याला न चालणारी. शेवटी खेळाच्या सामानाच्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली मिळाली. तिच्यात मैदानावर ओढायच्या चुन्याचा आणि हवा गेलेल्या फुटबॉलचा वास कायमचा मुक्कामाला होता. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लागली आणि त्या दिवसापासून तिथे चिटपाखरू फिरकेना. त्या दारात शिरणं म्हणजे डोक्यात काहीतरी बिघडलंय हे साऱ्या शाळेला ओरडून सांगणं.

बाईंनी मुख्याध्यापकांना अर्ज करून शाळेतल्या सापडलेल्या वस्तू सांभाळायचं काम मागून घेतलं. कुणालाच नको असलेलं काम. त्याच दिवशी मंजूर झालं. एक पत्र्याची ट्रंक आली. तिच्यात डब्यांची झाकणं, एकेकटे मोजे, कर्कटक नसलेल्या कंपासपेट्या आणि रेनकोटच्या टोप्या साठू लागल्या. आता पोरांना त्या खोलीत जायला अब्रूदार कारण मिळालं. आणि काय सांगावं, त्या शाळेतली पोरं भलतीच वेंधळी निघाली. विशेषतः प्रगतिपुस्तकावर सही आणायच्या आठवड्यात वस्तू फार हरवायच्या. एक मुलगा टोपी शोधायला आला. ट्रंकेतली एकेक टोपी बाहेर काढून, उलटसुलट करून, त्याने पुन्हा नीट घडी घालून ठेवली. त्याची स्वतःची टोपी त्याच्या चड्डीच्या मागच्या खिशातून अर्धी बाहेर लोंबत होती. बाई हातातल्या वहीवर रेघा आखत राहिल्या. ट्रंकेच्या तळाला हात लागला तेव्हा तो तळाशीच बोलायला लागला. हे बाईंनी मला सांगितलं ते टोपीपुरतंच. तो काय बोलला, ते मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी चहा ठेवला असता.

‘डोंबिवली फास्ट’ हा सिनेमा 2005 साली आला तेव्हा आम्ही इमारतीतले पाचसहा जण मिळून गेलो होतो. नियमाने जगणारा, रोज तीच गाडी पकडणारा माधव आपटे एके दिवशी पिसाळतो, हे बघून आम्ही मध्यमवर्ग, व्यवस्था, पाणी, रेल्वे अशा मोठमोठ्या गोष्टींवर तावातावाने बोलत बाहेर पडलो. बाई रिक्षात बसेपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘त्याचं काही हरवलंय का, एवढं तरी कुणी विचारायचं.’

निवृत्तीनंतर बायका तीर्थयात्रेला जातात. बाई सोसायटीच्या सभांना जाऊ लागल्या. पार्किंगवरून दोन मजले एकमेकांशी बोलत नसत, तिथे बाई मधल्या मजल्यावर निवडायला मेथी घेऊन बसायच्या. बोर्ड दरवर्षी परीक्षेच्या दिवसांत समुपदेशकांचे मोबाईल नंबर जाहीर करतं. त्या यादीत बाईंनी स्वखुशीने नाव दिलं होतं. फेब्रुवारी उजाडला की त्यांचा फोन पहाटेपासून वाजे. कुणाला प्रश्नपत्रिका कशी येईल ते हवं असे. कुणाची आई न्हाणीघरात नळ सोडून कुजबुजत असे. हॉलतिकिटावरचा फोटो वाईट आलाय, चालेल का, असं एका मुलाने विचारलं होतं. ‘चालेल’ म्हणून फोन ठेवता आला असता. पण बाईंच्या दुधाला उकळी येऊन ते उतू गेलं, शेगडी विझली, गॅसचा वास यायला लागला तो मीच जाऊन बंद केला, तरी फोन चालूच. फोटो काढायला त्याला कुणी नेलं होतं, इथवर त्या दोघांची गाडी आली होती.

2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. तिचे कागद घेऊन पालक बाईंच्या दाराशी यायचे. एका वडिलांनी मुलाचा अहवाल दोन बोटांत धरून पुढे केला. मुलाचा कल ललित कलांकडे निघाला होता. ‘बाई, हा बदलून मिळेल का?’ त्यांचा चेहरा विजेचं चुकीचं बिल आलेल्या माणसाचा. बाईंनी त्यांना बसवलं आणि तुमचा स्वतःचा कल काय होता हो, असं विचारलं. गृहस्थ दोन तासांनी उठले. जाताना कागद टेबलावरच विसरले. बाईंनी तो उचलून कुठे ठेवला असेल, ते आता सांगायला नको. निवृत्त होताना ती ट्रंक त्यांनी घरी आणली होती. शाळेने आनंदाने सोडली.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला. बाईंनी तो मोठ्या अक्षरांत लिहून आमच्या लिफ्टमध्ये, लिफ्ट दुरुस्तीवाल्याच्या नंबराखाली चिकटवला. लिफ्टमध्येच का, तर तिथे माणूस एकटा असतो आणि त्याला वाचायला दुसरं काही नसतं. आमच्या वॉचमनचं मत असं, की लिफ्ट अडकली तर खालचा नंबर लावावा, तो निदान उचलतात.

मागच्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेला सोसायटीचा हॉल भरून माणसं जिन्यात उभी राहिली. निवेदकाने सांगितलं, ज्यांना आठवणी सांगायच्या आहेत त्यांनी पुढे यावं. एक डॉक्टर उठले. म्हणाले, ‘बाईंशी माझी… शाळेपासूनची ओळख.’ मग पाणी प्यायले आणि बसले. एक नगरसेवक उठले. कुठल्याही विषयावर अर्धा तास सहज बोलणारे. म्हणाले, ‘असंच, येणंजाणं होतं.’ एक बाई नुसत्याच माइकपर्यंत आल्या, फोटोला हात जोडून परत गेल्या. त्यांच्या सासूबाई पहिल्याच रांगेत होत्या. मीही उठलो आणि ‘शेजारी होतो’ एवढं म्हणालो. तेही खरंच होतं. इतकी माणसं आणि इतकी कमी भाषणं आमच्या हॉलने कधी पाहिली नव्हती.

सेक्रेटरींना मात्र इतिवृत्त लिहिणं भाग होतं. पुढल्या महिन्याच्या सभेत त्यांनी ते वाचून दाखवलं : ‘उपस्थितांनी कै. बाईंशी आपली चांगली ओळख असल्याचे सांगितले.’ यावर तिसऱ्या मजल्यावरचे, पार्किंगच्या भांडणातले एक जुने सभासद उठले आणि दुरुस्ती सुचवली. आमची त्यांच्याशी कसली ओळख, त्यांना काय आवडायचं तेही आम्हाला माहीत नाही. त्यांची आमच्याशी होती, तसं लिहा. सेक्रेटरी म्हणाले, एकच झालं की. सभासद म्हणाले, नाही झालं. मतदान झालं, वरचे आणि खालचे असे दोन्ही मजले एका बाजूने आले, आणि दुरुस्ती मंजूर करून सभा पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळली.