ग्रेनदादा

धूलकोटात ज्याच्याकडे शेत आहे त्याला कोणी विचारत नाही, ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला पेरणीच्या दिवसांत विचारतात, आणि ज्याच्याकडे रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे त्याला विचारावंच लागत नाही. तो आपणहून सांगतो. आमचे दादा याही जातीत जरा वेगळे. बाकीचे परवानेवाले लग्नाच्या वरातीत कमरेचा पट्टा सावरत फिरतात. दादा मांडवात कोपऱ्यात कुणाला तरी गाठून गोळीमागची दारू या विषयावर बसतात. नवरदेव बोहल्यावर चढून उतरतो, पंगत उठते, तरी कोपरा सुटलेला नसतो.

दादांकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची .32 बोअरची रिव्हॉल्व्हर आहे, आणि खडकीच्या कारखान्यातली दहा काडतुसं. बुडावर ‘केएफ’ असा शिक्का. 1869 साली स्थापन झालेला कारखाना, असं दादा शिक्क्यावर अंगठा फिरवत सांगतात. घराण्याचा मूळपुरुष सांगावा तसं. परवाना मिळाला तेव्हा दहा घेतली होती, आजही दहाच आहेत. दसऱ्याला बाहेर येतात, हळदकुंकू लावून घेतात आणि पुन्हा कपाटात जातात.

कारण दादांची हौस गोळी उडवण्याची नाही, काडतूस भरण्याची आहे. म्हणजे भरण्याबद्दल बोलण्याची. रिकामं पितळ, टोपी, दारू आणि शिशाची ओतीव गोळी घरीच जुळवून काडतूस तयार करणं हा अमेरिकेत रविवारचा छंद आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 आडवं येतं: दारूगोळा बनवायचा तर त्याचा वेगळा परवाना पाहिजे. दादांना हे कलम तोंडपाठ आहे आणि ते कायदा मोडणाऱ्यातले नव्हेत (हेल्मेटचा सोडून). त्यामुळे घरात दारूचा कणही नाही. आहेत ती फक्त पुस्तकं: कुठल्याशा नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेली, आकड्यांच्या तक्त्यांनी भरलेली, पानोपानी हिरव्या शाईने अधोरेखित केलेली.

माणसाजवळ वस्तू नसली की निवड किती चोखंदळ होते, ते दादांकडे पाहावं. बुल्सआय ही दारू 1898 ची, भडकन जळणारी. युनिक ही 1900 ची, मधल्या चालीची. 2400 ही संथ, मोठ्या काडतुसाला शोभणारी. या तिघींपैकी .32 ला कोणती द्यावी यावर दादांनी कितीतरी पावसाळे घालवले आहेत. स्थळं पाहावी तसं चाललंय. बुल्सआय बरी, पण अंगाने इतकीशी, की एकदा टाकली का दोनदा, पितळात डोकावून कळत नाही. युनिक भरीव, पण मापात नीट पडत नाही. 2400 ला .32 चं घर पुरायचं नाही. कुंडली जुळते, पण मुलगीच घरात येणार नाही हे दोन्ही पक्षांना ठाऊक असल्यामुळे बोलणी मोकळ्या मनाने चालतात.

त्यांची ‘दोनदा टाकण्या’ची भीती मात्र खरी आहे, आणि इथे माझाही आदर वाढतो. .38 स्पेशल हे काडतूस 1898 चं, .45 कोल्ट त्याहून पाव शतक जुनं. ही पितळं काळ्या दारूच्या जमान्यातली. काळी दारू पितळ गच्च भरून घालायची, म्हणून जास्त घालायला जागाच नसे. धूर न करणारी नवी दारू लागते चिमूटभर. बाकी पितळ रिकामंच. त्या रिकाम्या जागेत दुसरी चिमूट सहज मावते, आणि मग रिव्हॉल्व्हरचं चक्र हातातच फुटतं. इडाहोचा एल्मर कीथ, ज्याच्या हट्टापायी 1955 च्या सुमारास .44 मॅग्नम जन्माला आली, त्याचीही एक .45 कोल्ट तरुणपणी हातात फुटली होती. दादा हे सांगताना आवाज खाली आणतात. लगेच असीरगडावर जातात: 1819 च्या वेढ्यात इंग्रजांचा दारूसाठा त्यांच्याच तोफांमागे उडाला आणि त्यांचेच शिपाई गेले. “दारूला आपला-परका कळत नाही भाऊ,” असं म्हणून चहाचा घोट.

सगळं माप ग्रेनमध्ये. पौंडाला 7000 ग्रेन, एक ग्रेन म्हणजे 65 मिलिग्रॅमला जरासा कमी. बऱ्हाणपूरच्या सराफाकडे वहिनींच्या पाटल्या मोडायला गेले तेव्हा दादांनी काट्याचीच तपासणी आरंभली आणि वजन ग्रेनमध्ये सांगा म्हणून बसले. सराफाने पाटल्या परत दिल्या. तेव्हापासून गावात ग्रेनदादा. वहिनी त्या सराफाला अजून दुवा देतात.

शिशाचं संशोधनही असंच. पंक्चरवाल्याकडून चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं आणायची, पुतण्याच्या कंपासपेटीतल्या चित्रकलेच्या पेन्सिली घ्यायच्या, आणि ओसरीवर बसून 6बी पासून चढत्या क्रमाने त्या वजनांवर ओरखडे काढायचे. ज्या पेन्सिलीने ओरखडा उठेल त्यावरून धातूचा कणखरपणा ठरतो. पद्धत खरीच आहे. मऊ शिसं नळीला चिकटत जातं, कथील नि अँटिमनी असेल तर गोळी कडक होते. हल्ली त्यात जस्ताचीही वजनं निघतात, मग दादा दिवसभर उदास असतात. एवढं करून गोळी ओतायची नसतेच. पुतण्या चित्रकलेत नापास झाला एवढाच निकाल.

दादांचे नियम तीन. अंदाजाने कधी भरू नये. तक्त्यातल्या वरच्या आकड्यापेक्षा दहा टक्के कमीपासून सुरुवात करावी. आणि दोन दारू जन्मात एकत्र करू नयेत. हे नियम मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकले ते कपाशीच्या बांधावर. बोलता बोलता दादा फवारणीचा पंप भरत होते. एका बाटलीतलं झाकणभर ओतलं, दुसऱ्या बाटलीतलं झाकणाला वास दाखवून सरळ धार धरली, तिसरी ‘उरलीच आहे’ म्हणून पालथी केली, आणि बाभळीच्या काडीने ढवळलं.

“अहो,” वहिनी बांधावरून म्हणाल्या, “दहा टक्के कमी म्हणत होता ना?”

“ते अमेरिकेचं शास्त्र आहे. इथं नाही चालत.”

“बोंडअळी पण अमेरिकनच आहे की.”

दादा पंप पाठीवर मारून चालते झाले. ना तोंडाला फडकं, ना हातात मोजे. घरात नसलेल्या दारूशी इतकं जपून वागणारा आणि पाठीवरच्या विषाशी इतका सलगीने वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही असं लिहिणार होतो. पण आमच्या भागात बांधाबांधावर आहेत. त्यांच्याकडे फक्त रिव्हॉल्व्हर नाही.

दादांचा खरा सण निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. लोक कुरकुरत जातात, दादा इस्त्रीचा सदरा घालून जातात. एवढ्या अधिकारी श्रोत्यांसमोर बोलायची संधी एरवी कुठली? गेल्या खेपेला सोबत मी होतो. हवालदाराने पावतीवर ‘रिव्हॉल्वर एक, कारतूस दस’ लिहिलं. दादांनी पावती परत सरकवली. काडतुसांच्या डब्यावरचा लॉट नंबर लिहा, माल कोरड्या जागी ठेवा, पत्र्याखाली नको, उन्हाने दारूचा स्वभाव बदलतो. मागे रांग वाढत होती. भरमार बंदूक घेऊन आलेला एक म्हातारा शेतकरी खाली उकिडवा बसला.

“दादा,” हवालदार पेन ठेवून म्हणाला, “आखरी बार चलाई कब थी?”

“चलाने का सवाल कहाँ आता है?” दादा म्हणाले. “पहले बारूद तो तय हो जाए.”