टिकणारी मुलगी

ज्या मुलाने सात नोकऱ्या बदलल्या, त्याचं स्थळ मुंबईतल्या आमच्या चारकोपात कुणी पुढे सरकवत नाही. ‘टिकत नाही कुठे,’ एवढ्यावर पत्रिका परत जाते. इंग्लंडची फुटबॉलपटू ल्युसी ब्रॉन्झ हिचं नशीब थोर, की तिचा बायोडेटा आमच्या सेक्टरमध्ये फिरला नाही. संडरलंड, एव्हर्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, लियॉन, परत सिटी, बार्सिलोना आणि २०२४ पासून चेल्सी. सात क्लब, त्यातल्या एकात दोनदा. शिवाय मधलं नाव ‘टफ’. ते आईचं माहेरचं आडनाव. पण असं नाव लावून मुलगी नांदणार कशी, हे शेजारच्या काकूंनी विचारलंच असतं.

काकूंना आधी थोडा इतिहास सांगावा लागेल. १९२० च्या बॉक्सिंग डेला गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या बायकांच्या संघाची मॅच बघायला ५३,००० माणसं लोटली. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला साक्षात्कार झाला, की हा खेळ बायकांना झेपत नाही. मैदानं बंद झाली, ती पन्नासेक वर्षं. वुमेन्स सुपर लीग आली २०११ मध्ये, आणि तिथल्या सगळ्या क्लबांनी खेळाडूंना पूर्णवेळ पगारी ठेवायचं ठरलं २०१८ मध्ये. मधल्या काळात कॉलेजात शिकणारी ल्युसी डॉमिनोजमध्ये पिझ्झ्याचं काम करत होती.

असं पायरीपायरीने उभं राहणं खरं तर चारकोपला चटकन कळायला हवं. १९८० च्या दशकात वर्ल्ड बँकेच्या पैशातून म्हाडाने इथे प्लॉट पाडले. पाणी, गटार, रस्ता दिला आणि सांगितलं, घर तुमचं तुम्ही बांधा. आधी पत्रे, मग स्लॅब, बोनस झाला की वरचा मजला. ल्युसीलाही तयार घर कुणी दिलं नाही. लिव्हरपूलमध्ये दोनदा लीग जिंकली, सिटीत एकदा; लियॉनमध्ये लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग, बार्सिलोनात आणखी दोन. जिथे पुढचा मजला चढवायचं सामान मिळालं, तिथे ती गेली. आणि २०२५ चा युरो कप इंग्लंडने जिंकल्यावर तिने सहज सांगितलं, की अख्खी स्पर्धा आपण नडगीच्या फ्रॅक्चरवर खेळलो. आमच्याकडे सर्दी झाली तरी लोक सोसायटीच्या मीटिंगला येत नाहीत.

आपल्याकडेही अशी एक आहे: भारताची गोलकीपर अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबच्या गोलमध्ये उभी राहिली. गेली होती तिथल्या लफबरो विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला. परत येऊन गोकुलम केरळाकडून खेळली, मुलींसाठी अकादमीही काढली.

तरी मुलगी फुटबॉल खेळते म्हटलं, की आपल्या घराघरांत एकच प्रश्न येतो: ‘पुढे काय?’ पुढे क्लब, असं आता बिनदिक्कत सांगता येतं. कुठला, ते मात्र दरवर्षी नव्याने विचारावं.