साडेत्रेचाळीस ब्रासचा समुद्र

आमचे साडू निफाड तालुक्यात राहतात. एवढं सांगितलं की पुढचं वर्तमानपत्रंच सांगतात. दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरतो आणि ‘निफाड गारठले’ हा मथळा माळ्यावरच्या गोधडीसारखा झटकून पुन्हा बाहेर काढला जातो. साडूंना त्या आकड्याचा कोण अभिमान! “आज पाच पॉइंट आठ!” असं ते पहाटे सहाला फोन करून सांगतात, जणू मुलाला टक्के मिळालेत. समुद्र म्हणाल तर दोनशे किलोमीटरवर, आणि मधे कसाऱ्याचा घाट. तर या गावात साडूंनी यंदा बीच व्हॉलीबॉल रुजवायचं ठरवलं आहे.

सुरुवात एका सिनेमापासून झाली. साडू आणि आमची मेव्हणी जुलैत स्वित्झर्लंडच्या टूरवर गेले होते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधला तो छोटा पूल सानेन नावाच्या गावात आहे. मेव्हणीला त्यावर उभं राहून फोटो काढायचा होता. तो पंधरा-वीस वेळा काढून झाल्यावर साडू शेजारच्या ग्श्टाडमध्ये चक्कर मारायला गेले. (हे नाव उच्चारताना शिंक आल्यासारखं वाटतं, पण तिथे कुणी ‘सत्यं’ म्हणत नाही.) ग्श्टाड समुद्रसपाटीपासून साधारण 1050 मीटर उंच. सभोवती डोंगर, गायी आणि श्रीमंत माणसं. आणि मधोमध वाळू! त्या वाळूत जागतिक दर्जाचे खेळाडू उड्या मारताहेत आणि वर प्रेक्षक जाकिटं घालून टाळ्या वाजवताहेत.

ज्या देशाला समुद्राचा थेंब नाही, त्या देशाने ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलची तीन कांस्यपदकं मिळवली आहेत : 2004 साली अथेन्सला पुरुषांनी, पुढे टोकियोत आणि 2024 मध्ये पॅरिसला महिलांनी. भारताला या खेळात ऑलिंपिकची पात्रताच अजून मिळालेली नाही. मी म्हटलं, “आणि आपल्याकडे एवढी कोकणपट्टी!”

“तेच तर,” साडू म्हणाले. “ज्याच्या दारात हापूस, तो पेटी विकत आणतो का? कोकणाला समुद्र आहे, त्यामुळे त्यांना बीचची गरज नाही. गरज आपल्याला आहे.”

या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे, हे मला कळत होतं. पण साडूंना आडवं बोललं की मेव्हणी आमच्या घरी फोन करते. मी गप्प बसलो.

शिवाय साडूंनी अभ्यास केला होता. व्हॉलीबॉलचा जन्म कुठला? 1895 सालचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होलिओक गावचा. तेही समुद्रापासून दूर, हिवाळ्यात बर्फाने गोठणारं. विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने बंद सभागृहात खेळायला म्हणून हा खेळ काढला. कॅलिफोर्नियाच्या वाळूत तो नंतर गेला. “म्हणजे मूळ घर आपल्यासारख्या गावातच. समुद्रावर तो नुसता सासरी गेला,” साडू म्हणाले. लेक माहेरी आणायची, इतकाच काय तो प्रकल्प.

आता लेकीबरोबर वाळूही आणायची होती. हिशेब मी माझ्याकडे घेतला, कारण आकडा पाहून साडू भानावर येतील अशी आशा होती. मैदान सोळा बाय आठ मीटर. चारही बाजूंना किमान तीन मीटर मोकळी जागा. म्हणजे बावीस बाय चौदा. वाळूची खोली किमान चाळीस सेंटिमीटर. गुणाकार केला तर एकशेतेवीस घनमीटरच्या वर, म्हणजे साडेत्रेचाळीस ब्रास. वजनात दोनशे टनांच्या आसपास. घरकुलाच्या लाभार्थ्याला सरकार पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देतं. त्या हिशेबाने पावणेनऊ घरकुलांच्या वाळूवर चारच माणसं उड्या मारणार.

तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर वाळू या शब्दाचं वजन मी सांगायला नको. स्वित्झर्लंडमध्ये वाळूचा ट्रक गावात शिरला की लोक विचारतात, स्पर्धा कधी? आपल्याकडे रात्री दोनला वाळूचा डंपर गावात शिरला की लोक दिवे मालवतात. साडेत्रेचाळीस ब्रास वाळू फक्त खेळायला आणली आहे, हे कुठल्या पंचनाम्यात लिहायचं?

“मग क्रश सँड टाकू,” साडू म्हणाले. दगड फोडून केलेल्या त्या वाळूचे कण कोनदार असतात. सिमेंटला छान धरतात, तसेच गुडघ्यालाही धरतात. पहिल्याच सुरात खेळाडूचं प्लास्टर होईल, हे मी सांगितलं. कुठलं प्लास्टर, ते त्यांनी विचारलं नाही.

गावात बैठक झाली. मी शेकोटीपाशी मफलरमध्ये होतो, त्यामुळे साक्षीदार आहे. पहिली शंका पोशाखाची निघाली. म्हणजे ती कुणी उघड बोललं नाही. सगळे फक्त खाकरले. साडूंनी सांगितलं, की 2012 पासून नियमानेच लांब बाह्या आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या चालतात; त्याच वर्षी लंडनला ऑलिंपिकमध्ये गारठा पडला तेव्हा खेळाडू लांब बाह्या घालूनच उतरल्या होत्या. त्यावर एक आजोबा म्हणाले, “इथं जानेवारीत कानटोपी काढून कोण दाखवतंय?” संस्कृतीचा एवढा मोठा प्रश्न थंडीने असा परस्पर सोडवला.

दुसरी हरकत गंभीर होती. एका संघात दोनच खेळाडू? मग बाकीच्या वस्त्यांनी काय करायचं? सहा जणांच्या संघात सगळे गट बसवता येतात. दोघांत एक आपला घेतला की उरतोच किती! बैठक इथे मोडणार होती, पण साडूंनी पुढचा नियम वाचला : ऊन आणि वारा दोघांना सारखा मिळावा म्हणून दर सात गुणांनी संघ बाजू बदलतात. गावातले दोन पुढारी एकदम ताठ बसले. हा खेळ आपल्याला जमेल, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. “आणि शेवटच्या सेटमध्ये पाचच गुणांनी,” साडूंनी भर घातली. “साहजिक आहे,” त्यांतला एक म्हणाला, “निकाल जवळ आला की घाई होतेच.”

वाळूचं फारच जड झालं तर दुसरी तोड आहे. ऑस्ट्रियातल्या वाग्राइनमध्ये 2008 साली लोकांनी बर्फावरच जाळी बांधली आणि त्याला स्नो व्हॉलीबॉल म्हटलं. पायात फुटबॉलचे खिळ्यांचे बूट, अंगात थर्मल. 2018 मध्ये तिथे युरोपीय अजिंक्यपदाची स्पर्धाही झाली. व्हॉलीबॉल उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये असावा, ही जागतिक संघटनेची महत्त्वाकांक्षा. पदार्थ एकच, उपवासाला वेगळा आणि पारण्याला वेगळा. पण निफाडला बर्फ कुठला? फार तर गवतावरचं दव गोठतं. त्याने द्राक्षाचे मणी तडकतात, व्हॉलीबॉल होत नाही.

शेवटी साडूंनी नमुना म्हणून एक ब्रास वाळू आणली, रीतसर पावती घेऊन. शाळेमागच्या पटांगणात ओतली. बाजूला फ्लेक्स लागला : निळा समुद्र, दोन नारळाची झाडं, त्यांच्यामध्ये सतरा शुभेच्छुक. पहिल्या दिवशी पोरांनी किल्ला केला. दुसऱ्या रात्री मांजरांना ही सोय कळली. तिसऱ्या दिवसापासून ढीग बसायला लागला. वाळू खचते, असं साडूंचं मत. मला समोरच्या घराचं बाथरूम वर येताना दिसत होतं, पण मी पाहुणा.

आता एक गोष्ट सांगतो, जी साडूंनी बैठकीत सांगितली नाही, कारण ती त्यांना दिसतच नाही. त्याच पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, मुरमावर, दोन बांबूंना जाळी बांधून गावची पोरं रोज रात्री शूटिंग व्हॉलीबॉल खेळतात. दोन्ही हात जोडून चेंडू असा हाणतात की आवाज वस्तीपर्यंत जातो. वर एक हॅलोजन, तोही कुणाच्या तरी मोटारीच्या कनेक्शनवर. आजूबाजूच्या गावांचे संघ ट्रॅक्टरमधून येतात. बाहेर सहा अंश, तोंडातून वाफा, आणि पोरं बनियनवर.

मी साडूंना म्हटलं, “हे काय मग?”

“हे?” ते म्हणाले. “हे नेहमीचंच. याचं काय प्रमोशन करणार?”

ग्श्टाडच्या विजेत्यांना गायीच्या गळ्यातली मोठी घंटा देतात. त्याच गावात टेनिसचीही स्पर्धा होते. 2003 मध्ये विम्बल्डन जिंकून आलेल्या फेडररला तिथे अख्खी गाय भेट मिळाली होती. म्हणजे टेनिसवाल्याला गाय आणि व्हॉलीबॉलवाल्याला घंटा. साडूंनीही तिथून एक छोटी घंटा आणली होती, निफाड बीचच्या पहिल्या विजेत्यासाठी. ती शोकेसमध्ये चॉकलेटच्या रिकाम्या डब्याशेजारी ठेवलेली असायची.

परवा रात्री पाहिलं तर तिथे नव्हती. मेव्हणी म्हणाली, पोरं मागून घेऊन गेली. त्यांच्याकडे सेट संपला की वाजवायला काही नव्हतं. इतके दिवस ताट बडवत होती. आम्ही घोंगडी पांघरून ओट्यावर आलो. वाळूचा ढीग एव्हाना चार घमेल्यांवर आला होता, फ्लेक्सवरचा समुद्र वाऱ्याने एका बाजूने सुटून फडफडत होता, आणि मुरमाकडून घंटा वाजत होती.

साडूंनी थर्मामीटरवर बॅटरी मारली. “पाच पॉइंट दोन,” म्हणाले.