धराकाका

आमच्या कचेरीत दर दिवाळीला वीस जण मिळून राज्य लॉटरीचं एक बंपर तिकीट घेतो. तिकीट दोनशेचं, माणशी दहा रुपये. वही माझ्याकडे असते. ती उघडली की पलीकडच्या टेबलावरून, फायलीतून मान वर न काढता, हाक येते, "माझे धरा हो!"

झाली वर्गणी. म्हणून ते धराकाका.

नाही म्हणणारा माणूस नव्हे. मागितले की लगेच पाकीट काढतात आणि पाचशेची नोट दाखवतात. "सुट्टे आहेत का?" ती नोट मी तीन वर्षं पाहतोय, एव्हाना तिचा नंबरही पाठ झाला आहे.

तिकीट निवडायचा मान मात्र त्यांचा. एसटी स्टँडबाहेरच्या टेबलावर मांडलेली तिकिटं ते लग्नाचं स्थळ पाहावं तशी न्याहाळतात. आकड्यांची बेरीज सात यायला हवी, शेवटी शून्य नको. विक्रेता कंटाळून चहाला जातो, परत येतो, काका तिथेच. मग तिकिटाचा फोटो काढून वीस जणांना पाठवतात. मूळ तिकीट कपाटात ठेवायचं की देवाजवळ, यावरही मत देतात.

त्यानंतर सोडतीपर्यंत कचेरीत कामं होत नाहीत, वाटण्या होतात. समजा, एक कोटी लागले. भागिले वीस, पाच लाख. त्यातून सरकार तीस टक्के उगमालाच कापणार, हे काका शिपायालाही समजावून सांगतात. लॉटरीच्या पैशाला ना गुंतवणुकीची वजावट, ना किमान मर्यादेची सवलत. उरले साडेतीन लाख. "माझ्या दीड लाखावर दरोडा आहे हा!" म्हणताना त्यांचा आवाज खरंच कापतो. कष्टाचा पैसा असा गेलेला कुणाला सोसेल?

हक्काच्या बाबतीत ते कडक. वर्गणी भरून एक कारकून बदलीवर गेला, तर काकांनी ठरवून टाकलं, "कचेरी सुटली, वाटा सुटला." तिकिटामागे नाव-पत्ता आणि सही कुणाची, यावर तर दोन दुपारी गेल्या. जागा एका माणसापुरती, आम्ही वीस. काकांचं म्हणणं, सही त्यांची असावी, कारण त्यांचं अक्षर चांगलं.

एकदा मी त्यांना केरळची बातमी वाचून दाखवली. 2023 सालची. परप्पनंगाडी नगरपालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या अकरा बायकांनी अडीचशेचं मान्सून बंपर तिकीट मिळून घेतलं आणि त्यांना दहा कोटींचं पहिलं बक्षीस लागलं. नऊजणींनी पंचवीस-पंचवीस दिले होते; उरलेल्या दोघींनी मिळून एकच पंचवीस, म्हणजे साडेबारा-साडेबारा. पैसे मिळाले तरी काम सोडणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. माझा रोख काकांच्या लक्षात यावा, म्हणून साडेबारा हा शब्द मी दोनदा वाचला.

काका बराच वेळ गप्प होते. मग हळहळून म्हणाले, "साडेबारा! सुट्टे कुठून आणले असतील हो त्यांनी?"

गेल्या दिवाळीला आमच्या तिकिटाचे शेवटचे आकडे जुळले. बक्षीस पाचशे रुपये. कोटीच्या वाटण्या वर्षानुवर्षं हसतखेळत करणारे वीस जण पाचशेवर मात्र गंभीर झाले. कुणी म्हणालं सामोसे आणा, कुणी म्हणालं पुढच्या तिकिटाला लावा. काकांनी दोन्ही सूचना फेटाळल्या. "ज्याचं त्याला द्या. माणशी पंचवीस."

"पण काका, तुमचे दहा अजून यायचेत."

"मग कापून घ्या की! मी कधी नाही म्हटलंय? पंचविसातून दहा वजा, पंधरा द्या."

मी पंधरा दिले. त्यांनी दोनदा मोजून पाकिटात, त्या पाचशेच्या नोटेशेजारी, ठेवले. काल यंदाची वही उघडली. काकांचे दहा मी धरले आहेत.